रुक्मांबाचा माणूस

वसंतरावांनी युसुफभाईंना फसवलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण बेंगळुरूच्या चिकपेटेत, आमच्या कापडबाजारात, हल्ली ही गोष्ट वेगळ्याच तऱ्हेने सांगतात. 'गैरसमज झाला', 'पोलिसांची ड्यूटी असते', 'वय झालं होतं, त्यांनी आपणहून काम सोडलं.' मी तिथे होतो. गैरसमज कसलाही झाला नव्हता. पगाराच्या बाबतीत वसंतरावांनी कधी हात आखडला नाही, हे मी मान्य करतो. दिवाळीला कापड दिलं, ईदलाही दिलं. पण त्यांनी युसुफभाईंना एक नाव दिलं, त्या नावावर वर्षानुवर्षं धंदा करून घेतला, आणि 'हा आमचा माणूस' एवढे तीन शब्द बोलायची वेळ आली तेव्हा म्हणाले, आम्ही ओळखत नाही.

बाजाराबाहेरच्या माणसाला आधी आमची एक रीत सांगायला हवी. चिकपेटेत नोकरीला लागलेल्याला कोणी नाव विचारत नाही. 'याव अंगडी?' विचारतात, म्हणजे कुठलं दुकान. दुकान कळलं की तेच त्याचं नाव. बालाजीत काम करतो तो बालाजी अण्णा, मीनाक्षीत करतो तो मीनाक्षी अण्णा. जात, गाव, आईबापांनी ठेवलेलं नाव, सगळं गल्लीच्या तोंडाशी उतरवून ठेवायचं. मी चिकोडीकडून आलो तो धनलक्ष्मी नावाच्या दुकानात कापडाच्या गाठी फोडायला लागलो, आणि संध्याकाळपर्यंत माझा 'लक्ष्मी अण्णा' झाला. मला मिशी होती, तालमीतली छाती होती, आणि गल्लीच्या त्या टोकावरून कोणीतरी ओरडत होतं, 'ए लक्ष्मी, इकडे ये!' मी जाऊन त्याची कॉलर धरली.

ती सोडवायला एक उंच, काटकुळा माणूस मध्ये आला. पांढरा शर्ट, बारीक कातरलेली दाढी, खांद्यावर उलगडलेली मोरपंखी साडी. गिऱ्हाईक तसंच बसवून तो पायऱ्या उतरून आला होता. माझी शिवी ऐकून त्याला कळलं असणार मी कुठला ते. निपाणीच्या मराठीत म्हणाला, "सोड की गा त्याला. तू लक्ष्मी तरी हाईस. मी रुक्मांबा हाय. मी कुणाची कॉलर धरू?"

मला हसू आलं. कॉलर सुटली. हे युसुफ मुजावर. समोरच्या रुक्मांबा वस्त्र भांडारातले मुख्य सेल्समन आणि सगळ्या बाजाराचे रुक्मा अण्णा.

रुक्मांबा म्हणजे दुकानाचे मालक वसंतराव यांच्या आई. वसंतरावांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरूत. त्यांची मराठी घरात बोलून बोलून गुळगुळीत झालेली, निम्मी कन्नड. ते मला 'नीट उभा राहा रे, स्वल्प मागे सरक' असं म्हणायचे. दुकानात आईचा हार घातलेला फोटो होता, आणि त्याच्या बरोबर खाली युसुफभाईंची बैठक. नवीन गिऱ्हाईक वर फोटोत 'रुक्मांबा' वाचायचं, खाली बसलेल्या दाढीवाल्याला 'रुक्मा अण्णा' म्हणून हाक मारलेली ऐकायचं, आणि मुलगाच असेल असं समजून गप्प बसायचं. वसंतराव अशा वेळी खूश दिसायचे. "आईचं नाव चालवतो माझा माणूस," म्हणायचे. हे वाक्य मी माझ्या कानांनी अनेकदा ऐकलंय. त्याचे साक्षीदार या गल्लीत पायलीचे पन्नास सापडतील.

युसुफभाईंना साडी विकताना बघणं हा वेगळाच प्रकार होता. बाकीचे सेल्समन घड्या फेकतात. एकावर एक, गिऱ्हाईक दबून जाईपर्यंत. युसुफभाई दोनच साड्या काढत. एकदा तुमकूरकडची एक बाई मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला आली होती. बरोबर नवरा, दीर, जावा, सगळे तोंड वाकडं करून बसलेले. प्रत्येकाला वेगळा रंग हवा. युसुफभाई उठले, मरून कांजीवरम स्वतःच्या कमरेला खोचली, निऱ्या काढल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि दाढी वर करून त्या बाईसमोर उभे राहिले.

"अम्मा, माझ्यासारख्या म्हाताऱ्या बोकडावर अशी दिसते. पोरीवर कशी दिसंल बघा."

हे ते कन्नडमध्ये म्हणाले, पण नंतर आम्हाला सांगताना मराठीत. जावा हसल्या, दीर हसला, साडी गेली. ती बाई पुढे प्रत्येक मुलीच्या वेळी आली. रुक्मा अण्णा नसतील तर बाहेर कट्ट्यावर बसून राहायची, पण दुसऱ्याच्या हातून साडी बघायची नाही.

अशी गिऱ्हाइकं त्यांची गावोगाव होती. म्हणून मोबाइल आले तसा वसंतरावांनी त्यांना दुकानाचा फोन दिला आणि एक व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं. वर रुक्मांबा वस्त्र भांडार, मध्ये ठळक अक्षरात 'रुक्मा अण्णा', खाली दुकानाचा लँडलाइन आणि तो मोबाइल. छापायच्या आधी नमुना बघायला दिला तेव्हा मी तिथेच अस्तराचे नमुने घेऊन बसलो होतो. युसुफभाईंनी कार्ड उलटून पाहिलं आणि म्हणाले, "मालक, खाली बारीक अक्षरात माझं नाव पण घालूया की. युसुफ मुजावर. कंसात."

"कशाला रे?" वसंतराव म्हणाले. "गिऱ्हाईक घोळात पडेल. प्रत्यक्ष आईचं नाव दिलंय तुला, आणखी काय पाहिजे?"

युसुफभाई "सरी मालक", म्हणजे बरं मालक, म्हणाले आणि कार्डं घेतली.

आता त्यांच्या सवयी सांगतो. तेव्हा मला त्या विक्षिप्तपणा वाटत. ते कधी पळत नसत. पाऊस आला, बस सुटली, गिऱ्हाईक निघून चाललं, तरी हा माणूस एकाच चालीने चालायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाई, बस गेली! दोन पावलं पळायला काय जातं?" ते म्हणाले, "पळणारा दिसला की लोक मागं कोण लागलंय ते बघत न्हाईत. पळतोय कोण ते बघतात." एटीएमच्या दाराशी ते उभे राहत नसत. काळी बॅग वापरत नसत. कुठलीही वस्तू हातात असेल तर तिचं बिल खिशात. एकदा मार्केटच्या पुलाखाली त्यांनी टोमॅटोवालीकडे बिल मागितलं. ती बाई इतकी हसली की शेजारचीला हाक मारून सांगू लागली, "अक्का, इकडे बघ, याला टोमॅटोचं बिल पाहिजे!" युसुफभाईही हसले. पण हसता हसता तिच्याकडून एका कागदावर रेघोट्या मारून घेतल्याच.

आणि त्यांचं पाकीट. साडी ठेवायचं पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर असतं ना, चेनचं, ते कापून शिवून त्यांनी छोटं केलं होतं. त्यात आधार, मतदार कार्ड, पॅन, रेशन कार्डाची झेरॉक्स, वीजबिल, दुकानाची व्हिजिटिंग कार्डं. शर्टाच्या आत, छातीशी. दिवसातून कितीदा तरी हात तिथे जायचा. मला वाटायचं हृदयाचा त्रास आहे.

मी स्वतः काहीच जवळ बाळगत नाही. आजही नाही. लायसन्स घरी, आधार कपाटात. माझं तोंड हेच माझं कार्ड. एकदा आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून चाललो होतो. मी पुढे, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. टाउन हॉलजवळ पोलिसांनी हात केला. मी थांबलो आणि काय बहाणा करायचा ते मनात जुळवू लागलो. पोलिसाने माझ्याकडे पाहिलंच नाही. मागे बसलेल्याला म्हणाला, "कार्ड." युसुफभाईंचं पाकीट त्याआधीच बाहेर आलं होतं. पोलिसाने एकेक कार्ड काढून वर धरलं, तोंडाशी ताडून पाहिलं, कुठे राहतो, कुठे चाललास, पिशवीत काय, सगळं विचारलं. पिशवीत साडीचे फॉल होते. फॉलचं बिल होतं. मग जा म्हणाला. गाडी चालवणारा मी, हेल्मेट नाही, लायसन्स नाही, आणि मला साधं 'नाव काय' सुद्धा नाही!

पुढे गेल्यावर मी तापलो. "मागायच्या आधी कशाला काढता? घाबरल्यासारखं दिसतं ते."

"मागितल्यावर काढलं की हात खिशात जातो," ते शांतपणे म्हणाले. "आपला हात खिशात गेला की त्यांचा हात काठीवर जातो. त्यापरीस आधी काढलेलं बरं."

"मला नाही विचारलं ते?"

"तुला कशाला विचारतील गा?" ते हसत म्हणाले. "तू लक्ष्मी हाईस."

मी पुढे स्वतःचं अस्तराचं दुकान काढलं. पहिली गिऱ्हाइकं युसुफभाईंनीच पाठवली. दुकान माझं झालं तरी बाजाराने माझं नाव बदललं नाही. दुपारी चारला आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभं राहून बाय-टू कॉफी घ्यायचो, एका कपाची दोघांत. ते ओतताना नेहमी माझ्याकडे जास्त ओतायचे. मी ते बघायचो आणि काही बोलायचो नाही, कारण फुकटचं जास्त मिळत असेल तर मी कधीच बोलत नाही.

त्या दिवशी कॉफी पिऊनच येत होतो. कुणी बडा नेता त्या बाजूने जाणार होता म्हणून गल्लीच्या तोंडाशी बंदोबस्त लावला होता. फौजदार बाहेरच्या ठाण्याचा होता, तरुण, इस्त्रीचा. बरोबर आमच्या बीटचा जुना शिपाई. हा शिपाई आम्हाला दोघांनाही चांगला ओळखत होता. त्याच्या बायकोची साडी युसुफभाईंनीच निवडली होती, तीही अडल्या वेळी, सवलतीत. माझ्या खांद्यावर अस्तराचा गठ्ठा होता, युसुफभाईंच्या हातात पॉलिशला द्यायच्या साड्या.

शिपाई मला म्हणाला, "लक्ष्मी अण्णा, तुम्ही व्हा पुढे." युसुफभाईंसमोर फौजदार उभा राहिला.

पाकीट अर्थातच बाहेर आलं. फौजदाराने आधार पाहिलं, मतदार कार्ड पाहिलं. सगळं जुळलं. मग मागून ती व्हिजिटिंग कार्डं निघाली.

"हे रुक्मा अण्णा कोण?"

"मीच, सार."

"मग हे युसुफ कोण?"

"तेही मीच, सार."

फौजदाराने दोन्ही कार्डं दोन हातांत धरली. "दोन नावं? एक असं आणि एक तसं? कशासाठी?"

मी तोंड घातलं. म्हटलं, सर, ही बाजाराची रीत आहे. इथे सगळे दुकानाच्या नावाने ओळखले जातात. तोवर गल्लीतली माणसं जमली होती, आणि आपला माणूस अडकलाय म्हटल्यावर जो तो मदतीला धावला. "सार, हे आमचे रुक्मा अण्णा!" "सार, रुक्मा अण्णा फार चांगले!" "लहानपणापासून बघतोय, रुक्मा अण्णा!" त्यांच्या प्रत्येक ओरडण्याबरोबर फौजदाराची खात्री वाढत चालली. त्याने एकाला विचारलं, "याचं खरं नाव काय?" तो गोंधळला. दुसऱ्याला विचारलं. त्यालाही येईना. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसणाऱ्या, त्यांच्या हातचा पेढा खाल्लेल्या, त्यांच्याकडून बहिणीच्या साड्या नेलेल्या त्या गर्दीत एकालाही 'युसुफ' माहीत नव्हतं. फौजदाराने ते नाव मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे, म्हणजे हे..." आणि मग ओरडा थांबला. तो थांबलेला मी ऐकला.

मी शिपायाकडे वळलो. "तू आत्ता मला काय हाक मारलीस? लक्ष्मी अण्णा. माझ्या आधारवर लक्ष्मी आहे का? बाळासाहेब आहे. विचार की मला! घे माझं कार्ड!" कार्ड घरी होतं, पण मी खिशात हात घातला. शिपाई जमिनीकडे बघत म्हणाला, "निम्दु बेडा अण्णा." तुमचं नको.

फौजदार म्हणाला, ज्या दुकानाचं कार्ड आहे त्या मालकाला येऊन सांगू दे, हा माझा माणूस. प्रश्न मिटला. एवढंच हवं होतं. रुक्मांबा तिथून हाकेच्या अंतरावर.

मी धावत गेलो. मला पळायला काही हरकत नव्हती. वसंतराव गादीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आत्ता कसं येऊ रे? गिऱ्हाईक आहे."

"मालक, दोन मिनिटांचं काम. चालत या, तीन शब्द बोला, चालत परत."

"तू तापू नको. मुलाच्या गोडाऊनची परवानगी अडकलीय, ठाऊक आहे ना? आत्ता पोलिसांच्या तोंडी दुकानाचं नाव नको. स्वल्प थांब. ते सोडतीलच."

"सोडणार नाहीत. ठाण्यात नेतायत."

"सरी, सरी. तू हो पुढे. मी आलोच."

मी माणसाचा भाव त्याच्या डोळ्यांवरून ओळखतो, त्यावरच पोट भरलंय. वसंतराव येणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं. तरी मी आईच्या फोटोकडे बोट दाखवून म्हटलं, "यांचं नाव आहे त्याच्या अंगावर." ते म्हणाले, "आईला मध्ये आणू नको."

ठाण्यात युसुफभाईंना बाकावर बसवलं होतं. साड्यांची पिशवी मांडीवर, हात पिशवीवर, दोन्ही पंजे दिसतील असे. मी शेजारी बसलो. कोणी मला ऊठ म्हटलं नाही, कोणी मला बस म्हटलं नाही. बराच वेळ गेला. दारात कोणी आलं की युसुफभाई मान वर करत आणि पुन्हा खाली घालत. शेवटी फौजदारानेच कार्डावरचा दुकानाचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"रुक्मांबा वस्त्र भांडार? मालक बोलताय? रुक्मा अण्णा नाव सांगणारा युसुफ मुजावर, हा तुमचा माणूस आहे का?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग वसंतरावांचा आवाज आला, कन्नडमध्ये, अगदी नरम.

"नाही सर. बाजारात कमिशनवाले खूप फिरतात. कोण कुठलं नाव सांगेल, काय सांगावं? आम्ही ओळखत नाही."

फोन बंद झाला. मी उठून उभा राहिलो. युसुफभाईंनी माझा हात धरून खाली ओढला.

"मालक न्हवते ते," ते मला म्हणाले. "नोकरानं उचलला असंल. नवा पोरगा हाय, त्याला म्हाईत न्हाई."

"भाई, मालकच होते."

"न्हाई गा. मालकांचा आवाज मी ओळखतो."

हे ते मला समजावत होते, फौजदाराला नव्हे. त्यांचे डोळे मात्र त्या टेबलावरच्या फोनवरून हलत नव्हते.

संध्याकाळपर्यंत त्यांनी काय तपासायचं ते तपासलं. माणसावर साधी तक्रारही नव्हती. सोडतो म्हणाले, पण एक लिहून द्या: यापुढे मी माझ्या खऱ्या नावाखेरीज दुसरं कुठलंही नाव सांगणार नाही, वापरणार नाही, त्या नावाला ओ देणार नाही. मी टेबलावर हात आपटला. "मग माझ्याकडूनही लिहून घ्या! बालाजीकडून घ्या, मीनाक्षीकडून घ्या, पूर्ण चिकपेट इथे आणून बसवतो!" फौजदार थकल्या आवाजात म्हणाला, "तुमचा काय संबंध? तुम्ही घरी जा." युसुफभाईंनी चष्मा लावला, वळणदार कन्नड अक्षरात लिहून दिलं, खाली सही केली. आधार, पॅन, सगळं परत मिळालं. व्हिजिटिंग कार्डं ठेवून घेतली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. 'जा' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुक्मांबात जाऊन उभा राहिलो. वसंतराव हसले, कॉफी मागवली.

"बाळू, अरे, त्यांनी युसुफ विचारलं. आमच्याकडे युसुफ कोण आहे? पटकन डोक्यातच आलं नाही. रुक्मा विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मालक, स्पीकर चालू होता. दोन्ही नावं विचारली. आधी रुक्मा विचारलं."

त्यांचा कप तसाच राहिला. मग म्हणाले, "सुटला ना शेवटी? मग कशाला एवढं ताणतोस?"

मी ती कॉफी प्यायलो नाही. आयुष्यात फुकटची गोष्ट नाकारली ती तेव्हा.

युसुफभाई कामावर आले, आणि दिलेला शब्द पाळू लागले. मला वाटलं होतं दोन दिवस पाळतील. पण हा टोमॅटोचं बिल घेणारा माणूस. कोणी 'रुक्मा अण्णा' म्हटलं की हात जोडून म्हणायचे, "युसुफ म्हणा, अम्मा. माझं नाव युसुफ." फोनवरही तेच. काही गिऱ्हाइकं हसून 'बरं, युसुफ अण्णा' म्हणाली. काही हसली नाहीत. काहींनी फोटोकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि बायकांना घेऊन उठली. गल्लीतली मंडळी तर हाकच मारेनाशी झाली. जुनं नाव घ्यायची भीती आणि नवं तोंडात बसत नव्हतं.

मग वसंतरावांनी फोन मागून घेतला. नंबर दुकानाचा आहे, थोडे दिवस इथे राहू दे म्हणाले. युसुफभाईंना मागच्या खोलीत बसवलं, साड्यांच्या घड्या घालायला. पगार तोच, बिनउन्हाचं काम, असं वर ऐकवलं. मी एक दिवस सहज तो नंबर लावला. पलीकडून तरुण, गोड आवाज आला, "हां, रुक्मा अण्णा मातनाडतीनी, बोलतोय. सांगा, काय दाखवू?"

मी दुकानात जाऊन पाहिलं. फोटोखाली हासनकडचा एक गुबगुबीत माणूस बसला होता. कपाळाला गंध, समोर नव्या व्हिजिटिंग कार्डांची चळत. कार्ड तेच, नाव तेच, मोबाइलही तोच. गावोगावची गिऱ्हाइकं जमवायला युसुफभाईंना उभा जन्म लागला होता. ती आता या नव्या रुक्मा अण्णाशी बोलत होती, आणि बऱ्याच जणांना फरकही कळला नसेल. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथून सगळं ऐकू येत असणार.

त्याच आठवड्यात युसुफभाईंनी काम सोडलं. भांडले नाहीत. मी त्यांच्या गोरीपाळ्यातल्या घरी गेलो, म्हटलं, माझ्या दुकानात बसा, गल्ला सांभाळा, गिऱ्हाईक सांभाळा, काय वाट्टेल ते करा.

"न्हाई गा," ते म्हणाले. "तुझ्या दुकानाचं नाव घ्यायचं, परत सगळ्यांस्नी ते शिकवायचं. आता वय न्हाई. आणि माझ्या नावानं कोण यील तिथं?"

"मालकांना जाब विचारू. मी येतो बरोबर. व्यापारी संघटनेत बोलतो."

ते म्हणाले, "बाळू, मालकांचाच आवाज होता त्यो. मला तवाच कळलं होतं." आतून त्यांच्या सुनेने कॉफी आणली, दोन कप, वेगवेगळे.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मेट्रो स्टेशनच्या बाहेर, भर दुपारी. नातवाच्या शाळेची वह्या-पुस्तकं घेऊन, त्याच चालीने येत होते. पलीकडच्या फुटपाथवरून एका बाईने हात वर करून हाक मारली, "रुक्मा अण्णा! ओ रुक्मा अण्णा!" तीच तुमकूरची. आता केस पांढरे झालेले, बरोबर धाकटी मुलगी, बहुतेक तिच्याच लग्नाची खरेदी. युसुफभाई थांबले. त्यांनी आधी स्टेशनच्या दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाकडे पाहिलं. मग त्या बाईकडे. ओठ हलले, पण हात वर गेला नाही. त्यांनी मान खाली घातली आणि गर्दीत चालू लागले. बाई रस्ता ओलांडून, मला बाजारातला म्हणून ओळखून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मला वाटलं आपले रुक्मा अण्णा. ते नव्हते वाटतं?" ती मुलीला घेऊन गल्लीत शिरली, रुक्मांबाच्या दिशेने.

म्हणून हे लिहितोय. त्या फौजदाराला माझा प्रश्न आहे की एकाच गल्लीतून, एकाच वेळी, दोन-दोन नावांची दोन माणसं येत होती. खिशात एकही कार्ड नसलेल्याला सोडलं आणि सगळी कार्डं असलेल्याला बाकावर बसवलं, ते कुठल्या कायद्याने? त्या शिपायाने सांगावं की ओळखीचा माणूस समोर उभा असताना त्याची ओळख गिळली कशी? आणि वसंतराव, तुमच्याकडून मला गुपचूप समेट नको, कॉफी नको, फोनवरचं बोलणं तर नकोच. ज्या जागी त्यांना अडवलं त्या गल्लीच्या तोंडाशी या, भर बाजाराच्या वेळी, सगळी दुकानं उघडी असताना. युसुफ मुजावर हे पूर्ण नाव घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, हा माणूस कोणाचा होता? आईचं नाव त्याला दिलं तुम्ही, काढून दुसऱ्याला दिलं तेही तुम्ही. याचा जबाब दुसरं कोण देणार? मी रोज तिथे उभा असतो. या आणि बोला.